कोंड्याचा रोट

एका गावात एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. दर सुगीला प्रत्येक घर त्यात एक पाटी ज्वारी ओतायचं, मग तोंडावर दगड ठेवून तो शेणमातीने लिंपून टाकायचे. जुन्या माणसांनी नियम घालून दिला होता, की ज्या दिवशी गावातल्या तीन घरांच्या चुली पेटणार नाहीत, त्या दिवशी पेव उघडायचं आणि घरटी धान्य वाटायचं.

पेवाची राखण एका कोठाऱ्याकडे होती. माणूस चोर नव्हता, हे आधीच सांगते. पेवातला एक दाणासुद्धा त्याने कधी घरी नेला नाही. पण त्याला एका गोष्टीची भारी घमेंड होती. तो कोठारी झाल्यापासून बारा वर्षांत पेव वाटपासाठी एकदाही उघडावं लागलं नव्हतं. त्याबद्दल दर जत्रेत त्याला मानाचा फेटा मिळायचा, आणि तो फेटा पुढचे आठ दिवस डोक्यावरून उतरायचा नाही.

मग एक वर्ष असं आलं, की पावसाने पाठच फिरवली. शेतं करपली, घरातल्या कणग्यांचे तळ दिसले. कोठारी रोज सकाळी टेकाडावर चढायचा, घराघरांतून निघणारा धूर मोजायचा आणि खाली येऊन सांगायचा, "सगळ्या चुली पेटल्यात. पेव उघडायचं कारणच काय?"

धूर निघत होता, हे खरं. पण कशाचा? बायका चुलीवर नुसतं पाणी उकळत ठेवायच्या! शेजारणीला कळलं तर काय म्हणेल, आपल्याच घरची चूल आधी थंड कशी दिसू द्यायची, म्हणून हा खटाटोप. पोरं कळवळली तरी चालतील, पण अब्रू झाकलेली राहिली पाहिजे. असल्या अब्रूला आग लागो, असं मी म्हणते.

त्याच गावात एक कुंभारीण होती. नवरा मागेच वारला होता, पदरात दोन लहान मुली. तिच्याकडे उरलं होतं काय, तर गाढवासाठी ठेवलेला कोंडा, मडक्याच्या तळाशी थोडं ज्वारीचं पीठ आणि आंबट झालेलं ताक. पण हात कुंभारणीचे. दोन मुठी कोंड्यात मूठभर पीठ घालून ती ते ताकात माती तुडवल्यासारखं मळायची, मीठ टाकायची आणि दुपारपर्यंत उन्हात झाकून ठेवायची. मग ते एका परळात, म्हणजे मातीच्या पसरट ताटलीत, थापायचं, वर दुसरा परळ पालथा घालायचा, खाली निखारे, वर निखारे. घटकाभराने तांबूस, बोटभर फुगलेला रोट बाहेर यायचा. वास असा सुटायचा, की गल्लीतली पोरं दारात गोळा व्हायची.

गाढव मात्र तोंड वाकडं करून बघत राहायचं. त्याचं बरोबरच होतं.

ही गोष्ट कोठाऱ्याच्या कानावर गेली. त्याने लगेच चावडीवर गाव जमवलं आणि कुंभारणीला लुगडं द्यायचं ठरवलं.

"बघा, बघा!" तिचा रोट उंच धरून तो म्हणाला. "मनात असलं तर कोंड्याचासुद्धा मांडा होतो. रडगाणं कशाला गायचं? सगळ्यांनी हिच्याकडून शिका. पेवाला हात लावायची गरजच पडणार नाही."

त्याने रोटाचा वास घेतला, वाहवा केली आणि रोट खाली ठेवला. खाल्ला मात्र नाही. कोणी "खा" म्हणालंही नाही. उलट लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी उकळणाऱ्यांनीसुद्धा वाजवल्या!

कुंभारीण लुगड्याकडे बघत राहिली. तिच्या अंगावरचं लुगडं तीन ठिकाणी शिवलेलं होतं. हात पुढे केला असता तर नवं मिळालं असतं, मानही मिळाला असता. पण सकाळीच तिची धाकटी मुलगी रोट खाऊनही भोवळ येऊन पडली होती.

"कोठारीदादा," ती म्हणाली, "रोट कसा करायचा ते मी कुणालाही शिकवीन. पण तो गाढवाचा कोंडा आहे. त्याने वास सुटतो, पोट फुगतं, अंगात बळ येत नाही. माझ्या हाताचं कौतुक करून तुम्ही माझ्या पोरींचं धान्य अडवणार असाल, तर ते लुगडं तुमचं तुम्हालाच राहू द्या."

ती तरातरा घरी गेली आणि चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. थोरली म्हणाली, "आई, आता रोट?"

"आज नाही, बाय. आज कळ काढ."

शेजारीण दारात उभी राहून हे बघत होती. तिचे डोळे भरून आले. "माझ्या चुलीवर आठ दिवस नुसतं पाणी उकळतंय गं," ती म्हणाली. बारा वर्षांचा शेजार, पण हे वाक्य तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा निघालं. मग पलीकडचीही बोलली, आणि तिच्या पलीकडचीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठारी टेकाडावर चढला. खाली बघतो तर एकाही घरातून धूर नाही. सगळं गाव पेवाभोवती उभं. तो धावत खाली आला.

"आज काय गावाने एकादशी धरली?"

"एकादशी कधीचीच चालू आहे, दादा," कुंभारीण म्हणाली. "तुम्हाला आज दिसली, एवढंच. उघडा पेव."

नियमापुढे त्याचं काही चालेना. दगड सरकवला, आतली वाफ निघून जाऊ दिली आणि माणसं उतरली. वरची हातभर ज्वारी काळी पडून कुजली होती. खालची चांगली होती. एका म्हातारीने ती काळी ज्वारी ओंजळीत घेतली आणि कोठाऱ्यासमोर धरली. "ही माझ्या घरची पाटी असंल," ती म्हणाली. "सून मीठपाण्यावर दिवस काढती, आन् ही हितं कुजती व्हय?"

धान्य वाटून झाल्यावर कोठारी कुंभारणीच्या दारात आला आणि म्हणाला, "तो रोट उरलाय का? मी चाखलाच नव्हता."

तिने धान्य घेऊन येताना चावडीवरून परत आणलेला तोच रोट पुढे केला. त्याने घास घेतला. चावला, पुन्हा चावला. घास घशाखाली उतरेना.

तिने पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. "पाणी प्या, दादा. माझ्या पोरी असाच गिळत होत्या."

त्या वर्षी जत्रेत फेटा कोणालाच बांधला नाही.

तात्पर्य: कोंड्याचा मांडा करणाऱ्या हातांचं कौतुक जरूर करावं, पण त्याआधी त्या घरात कोंडाच का उरला, हे विचारावं.