पेटीतलं जुनं तेल

डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी पुढे सरका, मोठ्यांनी कान इकडे करा! कारण या गोष्टीत एक म्हातारा गाडा घाट चढणार आहे, आणि तो वेळेवर पोचला नाही तर फार वाईट होणार आहे.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि माथ्यावर एक वाडी. दोहोंच्या मधे ये-जा करायचा तो भिवबा गाडेकऱ्याचा गाडा. साधासुधा गाडा नव्हे हं! त्याच्या पोटात तांब्याची एक पेटी होती. पेटीत दातेरी चाकं होती आणि ती तेलात बुडालेली असायची. चढ लागला की आतली चाकं आपली आपणच जागा बदलायची, बैलांचा जोर दुप्पट व्हायचा आणि गाडा सुळकन वर जायचा. पाहणारे तोंडात बोट घालायचे.

हे तेल पेटी घडवणाऱ्या कारागिराने स्वतः भरलं होतं. म्हणून भिवबाच्या आजोबांनी ते पवित्र मानलं. दरवर्षी खंडेनवमीला पेटीच्या झाकणावर लाख ओतायची, वर हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. वडिलांनी तेच केलं, भिवबानेही तेच केलं. झाकण मात्र कुणीच उघडलं नाही. देवाच्या पोटात कुणी डोकावतं का?

एके सकाळी माथ्यावरून शिंग वाजलं. भिवबा ताडकन उठला. वाडीत त्याची एकुलती एक लेक गजरा बाळंतपणाला टेकली होती. कळा सुरू झाल्या की शिंग वाजवायचं, असं ठरलेलं. पहिलंच बाळंतपण, तेही अडलेलं असणार हे आधीच दिसत होतं. आणि पंचक्रोशीत अडलेली बाई सोडवणारी सुईण एकच, काशाक्का. तिचे गुडघे गेलेले. बैलावर बसवा म्हणाल, तर काशाक्काचा देह पाहा आणि मग म्हणा!

"आक्का, चला लवकर!" भिवबाने तिला हात धरून गाड्यात चढवलं. काशाक्काने बाळाला चोळायच्या लाल तेलाचा मोठा बुधला मांडीवर घेतला, आणि बैल उधळले.

काय धावले म्हणून सांगू! धुरळा उडाला, कोंबड्या ओरडत पळाल्या, सपाट रस्ता हा हा म्हणता मागे पडला. मग चढ लागला. गाडा अडखळला. एक हिसका बसला, पुन्हा अडखळला. पहिल्या वळणावर तर कमालच झाली. बैल पाय रोवून ओढताहेत, पेटीत घरघर चालली आहे, आणि चाकं जागची हलत नाहीत. वर पुन्हा शिंग वाजलं.

"हाऽऽ, चांद्या, ओढ की रे!" भिवबाने आसूड उगारला.

तेव्हा म्हातारा चांद्या बैल मान वळवून बोलला, "धनी, आम्ही ओढतोय. तुमच्या पेटीतली चाकंच घसरताहेत. झाकण उघडा."

"उघडू? पवित्र तेल आहे ते!"

"वास तरी घ्या."

काशाक्काने नाक वर केलं. "अरे भिवबा, ही तर करपलेली फोडणी!"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" भिवबा बैलावर खेकसला.

"बोलत होतो की," चांद्या म्हणाला. "तुम्ही माझ्याही गळ्यात माळ घालून पुढे जायचात."

भिवबा पेटीपाशी वाकला. आजोबांची लाख फोडायची? तिसऱ्यांदा शिंग वाजलं, या वेळी लांबलचक. भिवबाने दगड उचलला आणि लाख फोडली.

"आधी गाडा मागे सरकवून वळणावरच्या सपाट जागेत घ्या," चांद्याने सांगितलं. "तेल आत्ता गरम आहे, खरं काय ते आत्ताच कळेल." भिवबाने गाडा मागे घेतला, झाकण उघडलं आणि बांबूची कामटी पुसून आत बुडवली. आजोबा सांगायचे की तेल जास्वंदीसारखं लाल आहे. कामटीवर आलं ते काळंकुट्ट आणि चिकट, तेही जेमतेम टोकाला.

"सगळं ओतून देतो!" भिवबा पेटीच्या तळच्या बुचाला हात घालत ओरडला.

"थांबा!" चांद्या हंबरला. "जुन्या दातांना त्या गाळाची सवय झालीय. एकदम सगळं काढलंत तर उरलीसुरली पकडही सुटेल."

"बरोबर आहे," काशाक्का म्हणाली. "उपाशी बाईला मी एकदम ताट वाढते होय? पेज देते, थोडी थोडी." आणि तिने बुधला पुढे केला. "घे. बाळाला चोळायला तेल वाडीतही मिळेल. आधी बाळापर्यंत पोचू तर दे!"

भिवबाने तांब्याभर काळं तेल काढलं, ताजं ओतलं, कामटीने पातळी पाहिली. फार कमी नाही, फार जास्त नाही. गाडा कुरकुरला आणि हलला! पुढच्या वळणावर पुन्हा तांब्याभर काढलं, पुन्हा ओतलं. घरघर कमी झाली. पेटीतली चाकं खटकन जागेवर बसली आणि गाडा असा निघाला की काशाक्काने दोन्ही हातांनी कठडा धरला. "अरे हळू! मला पोचायचंय, उडायचं नाही!" ती ओरडली, आणि भिवबा रडत रडत हसू लागला.

गाडा वाडीत शिरला. काशाक्का आत गेली. भिवबा बाहेर चांद्याच्या गळ्याला मिठी मारून उभा राहिला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा आतून थाळीचा खणखणाट झाला. मुलगी! गजराही सुखरूप!

त्यानंतर भिवबाने दर फेरीला थोडं थोडं तेल बदललं, कामटी लालभडक निघेपर्यंत. पुढच्या खंडेनवमीला त्याने लाख आणलीच नाही. नातीला कडेवर घेऊन त्याने आधी झाकण उघडलं, कामटी बुडवून तिला रंग दाखवला, चांद्याला विचारलं, "कसं आहे रे?" आणि चांद्याने मान डोलावल्यावरच माळ घातली.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर आपण चढ चढतो, त्याला नुसतं पुजू नये, वेळच्या वेळी झाकण उघडून आत पाहावं.