नाक नसलेली मूर्ती

फार वर्षांमागे एका घाटवाटेवर धोंडाप्पा नावाचा म्हातारा पाथरवट काळ्या दगडाची देवी घडवत होता. त्याची छिन्नी झिजून बोटाएवढी उरली होती, फार थकली होती. एकदा देवीचे नाक-डोळे कोरावेत, मग भट्टीत गेलं तरी चालेल, एवढीच तिची इच्छा होती.

पण धोंडाप्पा चार घाव घाली आणि दगडाला पाठ टेकून बसे. उठला की पुन्हा चार घाव. महिन्याभरात दगडाला नुसता एक खोलगट उतार आला, आणि तो म्हणाला, "झाली मूर्ती."

"तुला धार राहिली नाही, बाई," हातोडा छिन्नीला म्हणाला, "म्हणून देवीला नाक नाही."

छिन्नीला ते खरंच वाटलं. येणारे-जाणारे दगडाभोवती फिरून विचारत, "बाबा, ही देवी कोणती?" तेव्हा ती लाजेने हत्यारांच्या पिशवीच्या तळाशी जाई.

एका मंगळवारी उपासाची एक बाई पाण्याची कळशी घेऊन चढ चढून आली. कळशी उतरवून तिने दगडाला पाठ टेकली. तो उतार तिच्या पाठीला नेमका बसला. डोळे मिटले आणि तोंडून आलं, "आई गं."

धोंडाप्पाने छिन्नी काढून धोतराच्या सोग्याने पुसली. "ऐकलंस ना," तो म्हणाला, "देवी कोणती ते?"

जसा त्या बाईचा आणि छिन्नीचा शीण उतरला, तसा तुमचा-आमचाही उतरो.