अंथरुणाला खिळलेल्यांचा कायदा

एकदा एक राजा प्रजेच्या औषधोपचाराचा भार राजकोशावर घ्यायला तयार झाला. राजेलोकांना अशी सुबुद्धी रोज होत नाही, म्हणून प्रधानांनी घाईने कायदा लिहवून घ्यायचे ठरवले. ते काम आले एका वृद्ध वैद्यांच्या हुशार शिष्याकडे. त्याने बरेच डोके शिणवून मसुदा तयार केला आणि गुरूंपुढे ठेवला. मुख्य कलम असे होते: जो रोगी अंथरुणाला खिळेल, त्याचा सर्व खर्च राज्य करील, जो आपल्या पायांनी चालत येईल, त्याने आपले आपण पाहावे.

"किरकोळ दुखण्यांवर राज्याचे धन का उधळावे?" शिष्य म्हणाला. "मोठ्या आजारात मात्र गरिबालाही राजासारखे उपचार मिळतील."

गुरूंनी मसुदा वाचला आणि नुसती मान हलवली. शिष्य मनातून सुखावला.

इतक्यात वीटभट्टीवर चिखल तुडवणारी एक बाई लंगडत दारात आली. टाचेत खापरीचा तुकडा रुतून जखम पिकली होती. "महाराज, एवढं साफ करून द्या. पाय टेकवत नाही, अन् पायावरच तर माझं पोट आहे. द्यायला मात्र काही नाही."

गुरूंनी वाकून जखम पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "आज नाही, बाई, नवा कायदा तसा आहे. पाय काळा पडला, ताप चढला, की खाटेवर घालून आणायला सांग. मग तो आम्ही फुकट कापून देऊ."

शिष्याच्या अंगावर काटा आला. रस्त्यावरच्या कुत्र्याचीही जखम धुणाऱ्या गुरूंच्या तोंडी ही भाषा!

पण खरा धक्का पुढेच होता. बाई रडली नाही की भांडली नाही. पदर सावरून तिने विचारले, "किती काळा पडला म्हंजे चालंल, महाराज? तेवढं नीट सांगून ठेवा. आधीच आले तर परत पाठवाल."

"थांबा, मावशी!" शिष्य जवळजवळ किंचाळलाच. तो पाण्यासाठी चुलीकडे धावला. गुरूंनी ते केव्हाच उकळत ठेवले होते, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. त्याने खापरी काढली, जखम धुतली, पट्टी बांधली. बाई गेल्यावर तो गुरूंवर उसळला, "घटकाभराच्या कामासाठी तुम्ही तिचा पाय कापायला निघाला होता?"

"मी तुझे कलम तिला मोठ्याने सांगितले, एवढेच," गुरू म्हणाले. "लिहिताना तुला अंथरूण दिसले, पण माणूस तिथवर कसा पोहोचतो ते दिसले नाही. माझ्या बोलण्याने तू हादरलास. मी तिच्या प्रश्नाने हादरलो. माणसाने अन्याय केला असता तर ती भांडली असती. कायदा म्हटल्यावर त्यात बसण्यासाठी ती स्वतःचा पाय सडवायला तयार झाली."

शिष्य मसुदा पुन्हा हातात घेऊन बसला. मग क्षीण आवाजात म्हणाला, "पण मग किरकोळ दुखण्यांची दारात रांग लागेल."

"लागू दे," गुरू म्हणाले. "त्या रांगेतली माणसे स्वतःच्या पायांवर उभी असतील."

शिष्याने ते कलम खोडले. कायदा लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी लंगडत आलेल्या माणसाला तोंडावर वाचून दाखवावा.