राजकन्येची हरवलेली भूक

एका राज्यात कनकमती नावाची राणी होती. तिच्या माहेरी एकदा तीन वर्षे दुष्काळ पडला, आणि "भूक लागली, भूक लागली" म्हणता म्हणता तिचा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून त्या शब्दाचा तिने धसकाच घेतला. पुढे तिला लेक झाली, केतकी. तिच्या तोंडून तो शब्द निघूच द्यायचा नाही, असा राणीने पण केला. केतकी उठली की घास, रडली की घास, हसली तरी घास. तोंड फिरवले की "हा घास चिऊचा, हा काऊचा." अहो, काऊ संपला तर मोर, मोर संपला तर राजहंस! राज्यातले पक्षी सरले, पण राणीचे घास काही सरले नाहीत.

केतकी चार वर्षांची झाली, आणि तिला उचलायला दोन दासी लागू लागल्या. आठवड्याने चार भोई लागले. महिन्याने तिच्या पावलांखाली महालाची फरशी तडकली. पोर चालेना, खेळेना. समोर येईल ते मुकाट गिळी. वैद्य थकले, मांत्रिक हरले. राणी घाबरून गेली. तिला उपाय एकच ठाऊक. तिने खिरीची वाटी पुढे ओढली.

तोच खिडकीत एक चिमणी येऊन बसली. तिच्या डोक्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा मुकुट होता.

"राणी, माझ्या नावाने भरवलेल्या घासांतले एक शीत तरी माझ्या चोचीत पडले?"

"नाही," राणी म्हणाली.

"नाव आमचे आणि पोट लेकीचे! म्हणून आम्ही तिची भूक नेली. सात तळ्यांखाली सोन्याच्या करंड्यात ती ठेवली आहे. भूक नाही, म्हणून तृप्ती नाही. घासाचा आत दगड होतो. येत्या पौर्णिमेला सूर्य मावळताच लेकीची शिळा होईल."

राणीने पदर पसरला. "माझा प्राण घे, पण लेकीची भूक दे."

"प्राण नको. तीन गोष्टी कर. कुणाच्याही नावाने घास भरवू नकोस. लेकीसमोर बसून स्वतः स्वस्थ जेव. आणि तिने मागितल्याशिवाय वाढू नकोस. पुरे म्हणाली की थांब."

पहिल्या गोष्टीपायी राणीने दहादा जीभ चावली. दुसरीसाठी ती किती वर्षांनी पाटावर बसून जेवली, तिलाच आठवेना. भाकरी आणि मेथीची भाजी ती चावून चावून खात होती, आणि केतकी टक लावून बघत होती.

पौर्णिमा उजाडली. सकाळ गेली, दुपार कलली. केतकी मागेना. तिच्या पायांची बोटे दगडाची झाली, मग घोटे, मग गुडघे.

"बाईसाहेब, एक घास तरी!" दासी रडू लागली.

राणीने आपले हात स्वतःच्याच मांडीखाली दाबून धरले. आपणच लेकीला मारतो आहोत, असे तिला वाटत होते. तरी ती हलली नाही.

उन्हे भिंतीवर चढली, आणि दूर सात तळी एकदम गरजली. करंडा फुटला होता. केतकीने पोटावर हात ठेवला.

"आई, भूक लागली."

ज्या शब्दाला राणी जन्मभर भ्यायली, तो ऐकून ती आनंदाने रडली. केतकीने स्वतःच्या हाताने चतकोर भाकरी आणि थोडी मेथी खाल्ली, अन् ताट सरकवले.

"पुरे."

चतकोर! एवढ्यावर पोर कशी जगेल? गुडघे तर अजून दगडाचेच होते. राणीचा हात खिरीच्या वाटीकडे गेला, ओठांवर "हा एक..." आले. तिने ते तसेच गिळले.

"पुरे तर पुरे, बाळ."

दगड गळून पडला. केतकी उठली आणि धावत सुटली, जिना उतरून थेट अंगणात. तिला पकडायला ना दासी पुरल्या, ना भोई.

राजकन्येची भूक राजकन्येला मिळाली, तशी ज्याची त्याला मिळो; आणि साऱ्या आयांचा जीव भांड्यात पडो.