पाण्याने न जाणारं

"माझो भाव खाली कित्याक थांबलो?"

भिकूने हे नावाड्याला विचारलं, पोलिसांना विचारलं, आईलाही विचारलं. सोळाव्या दिवशी तो काझीसरांच्या दारात येऊन उभा राहिला.

भिकूचा थोरला भाऊ सहदेव काझीसरांसाठीच बुड्या मारायचा. समुद्राच्या तळच्या खडकांना चिकटलेले स्पंज काढून आणायचा, आणि म्हातारे सर किनाऱ्यावरच्या खोलीत बसून त्यांतली चरबी वेगळी करायचे. शेवटच्या बुडीतून त्याची जाळीची पिशवी तेवढी वर आली.

सरांचे डोळे खोल गेले होते. त्यांनी काचेचा चंबू पुढे केला. तळाला पिवळट थर.

"पिशवीतला?" भिकूने विचारलं.

"तोच."

"एवढ्यासाठी..."

सर सांगत राहिले. अशी चरबी जमिनीवरच्या जनावरांत सापडत नाही. स्पंजात वस्तीला आलेले जिवाणू चरबीची आखूड साखळी देतात, स्पंज ती लांबवत नेतो. सोबत कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद, शेपूट मात्र न्यारं.

भिकू चौथीत शाळा सोडलेला. त्याला 'भाऊ' एवढंच ऐकू आलं.

त्याने चंबू हिसकावला आणि मोरीत उपडा धरला. काही पडलं नाही. मग नळ सोडला. पाणी आत गेलं, बाहेर आलं. थर जिथल्या तिथे.

सरांनी अडवलं नाही. "जन्मभर स्पंजातून समुद्र वाहतो," ते म्हणाले. "तरी तो विरघळत नाही. या चरबीपायी."

भिकू मोरीच्या कट्ट्यावर बसला.

"मग भाव कित्याक..."

सरांनी उठून नळ बंद केला.

फळीवर बरण्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर 'नाव' असं छापलेलं. तिथे स्पंजाचं नाव हवं. सहदेवला वाटलं होतं, आपलं विचारलंय. एकतीस बरण्या, एकतीस सहदेव. एकदा मुंबईहून विचारणा आली, 'सहदेव' ही स्पंजाची कुठली जात? सरांनी कळवलं, मालवणातली. चूक मात्र कधी सुधारली नाही.

चंबूची चिठ्ठी कोरी होती. सरांनी ती पेनासकट भिकूपुढे सरकवली.

"काय लिवू?"

"बाकीच्यांवर आहे तेच."

भिकूने एकेक अक्षर दाबून लिहिलं. मात्रेला वेळ लागला, वेलांटी नव्हतीच. लिहून झालं तसा तो नावावरून अंगठा फिरवायला गेला.

सरांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. अजून ओलं आहे."