पास झालेलं घड्याळ

त्या तळ्यावर बोलता सगळ्यांना येत होतं, पण सभेत बोलायची परवानगी फक्त पायात घड्याळ असलेल्यालाच होती. घड्याळ चालतं की बंद आहे, हे कुणी विचारत नसे. पायात चकाकलं म्हणजे झालं. खरी घड्याळं फार पूर्वी डोंगरापलीकडून आली होती. मोजकीच आली, आणि ती म्हणे मोराच्या घराण्यात आणि चार बड्या बगळ्यांकडे होती. बाकीच्यांनी तोंड मिटून चिखल तुडवायचा.

पाणकोंबडीने उभा जन्म असाच काढला. सभेत जावं असं तिला कधी वाटलंही नाही. लव्हाळ्यात घरटं, घरट्यात अंडी, दिवसभर पोटासाठी पळापळ. बोलायला फुरसत कुणाला होती? पण त्या वर्षी सभेपुढे ठराव आला की तळ्याच्या उगवतीकडचं लव्हाळं मुळासकट काढावं आणि काठ मोकळा करावा. ठराव कुणी आणला, ते सांगायची पद्धत नव्हती. त्याच लव्हाळ्यात तिची सहा अंडी होती. पिल्लं बाहेर यायला अजून पंधरा दिवस होते आणि सभा दहा दिवसांवर आली होती.

ती खंड्याकडे गेली. खंड्या तिचा मानलेला भाऊ. एका पुरात त्याचं काठावरचं बीळ वाहून गेलं, तेव्हा महिनाभर तो तिच्या लव्हाळ्यात राहिला होता, तिच्या तोंडचा घास खाऊन. तेव्हापासून तो तिला ताई म्हणत असे.

"मी सभेत जाऊन तोंडावर सांगणार," ती म्हणाली. "सहा जीव आहेत म्हणावं तिथं."

"घड्याळाशिवाय तुला दारात तरी उभं करतील का, ताई?" खंड्या म्हणाला. "नकली घे. हुबेहूब मिळतं. फक्त फोटो नीट बघावा लागतो."

नकली घड्याळांचा व्यवहार असा होता. विकणारा डोंगरापलीकडे बसे, त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. घड्याळ पाठवण्याआधी तो त्याच घड्याळाचा फोटो पारव्याबरोबर पाठवी. घेणाऱ्याने एका दिवसात खोट शोधायची. सापडली तर फोटो परत जाई आणि दुसऱ्या घड्याळाचा येई. एकदा 'पास' म्हटलं की तेच घड्याळ घरी यायचं, आणि मग तक्रार करायची सोय नाही. त्यामुळे फोटोतली खोट ओळखणं हीच त्या तळ्यावरची सगळ्यात मोठी अक्कल समजली जाई. ती अक्कल खंड्याकडे होती. गढूळ पाण्यात बोटभर खाली गेलेला मासा ज्याला दिसतो, त्याला फोटोत काय दिसणार नाही? अख्खं तळं त्याच्याकडूनच तपासून घेई.

पहिला फोटो आला. पाणकोंबडी बघतच राहिली. "किती देखणं आहे रे!"

"देखणं कसलं? बाराची खूण बघ, उजवीकडे कलली आहे. मोर एका नजरेत पकडेल."

फोटो परत गेला. दुसरा आला.

"तारीख खिडकीच्या मधोमध नाही," खंड्या म्हणाला. "आणि हा काटा बघ. रेघेच्या अलीकडेच थांबलाय."

"माझ्या डोळ्यांना भोकंच म्हणायची बाबा," ती ओशाळून म्हणाली.

"तुझे डोळे अंड्यांवर असू देत, ताई. हे माझं काम."

तिसरा फोटो त्याने फार वेळ पाहिला. उन्हात धरला, उलटा केला, एक डोळा मिटून पाहिला. शेवटी तो म्हणाला, "पास."

पास झालेला फोटो तपासणाऱ्याकडेच ठेवायचा, अशी रीत होती. दुसऱ्या कुणाच्या हाती पडून त्यातून काही निघायला नको, म्हणून. तिने तो आनंदाने त्याला दिला. मोबदला म्हणून विकणाऱ्याने तिच्या शेपटीची पांढरी पिसं मागितली होती. पाण्यातून चालताना तीच एक ऐट तिच्याजवळ होती. तिने एकेक पीस स्वतःच्या चोचीने उपटलं आणि पारव्याच्या पायाला बांधलं.

घड्याळ फोटोत होतं तसंच आलं, रेघेचाही फरक नाही. ते घालून ती काठावरून निघाली तेव्हा बदकं ओरडली, "अगं बाई! आता वेळ बघून चिखल उपसणार वाटतं?"

"तुमची वेळ भरली की सांगते," ती म्हणाली आणि पाय जरा जास्तच उचलून चालली.

सभेच्या दिवशी अंडी गवताने झाकून ती गेली. दारात पाय दाखवला. आत घेतलं. तिची पाळी आली तेव्हा ती सरळ बोलली, कारण वाकडं बोलायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"काठ मोकळा पाहिजे म्हणता. कुणाला पाहिजे? मला नको, बदकांना नको, बेडकांना तर नकोच. लव्हाळं गेलं की आमच्या अंड्यांवर काय धरायचं, आभाळ? मी जास्त मागत नाही. पंधरा दिवसांतले दहा गेले. अजून पाच दिवस थांबा. पिल्लं पाण्यात उतरली की काय कापायचं ते कापा."

एक म्हातारा बगळा मान हलवत म्हणाला, "पाच दिवसांनी काय बिघडतंय? बाई खरं बोलते आहे."

मोराने निकाल द्यायला चोच उघडली, तेवढ्यात पायातलं घड्याळ चकाकवत फांदीवरून खंड्या बोलला.

"सभापती, आधी तिचं घड्याळ बघा. सहाच्या खाली खऱ्या घड्याळाला बारीक नक्षी असते. हिच्या घड्याळात ती नाही. ते नकली आहे."

सगळ्यांच्या माना तिच्या पायाकडे वळल्या. तीही बघू लागली. नक्षी नव्हती.

"भाऊ," ती म्हणाली. "भाऊ, पास तूच केलंस ना रे?"

"मीच पास केलं, म्हणून तर मला माहीत आहे, ताई."

"का रे पण?"

"लव्हाळ्यामुळे उगवतीकडच्या पाण्यातलं मला काही दिसत नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. "मासे तिथेच आहेत सगळे."

मग मात्र ती पेटली. "महिनाभर माझ्या घरात बसून खाल्लंस तेव्हा दिसत होतं का रे तुला? मेल्या, घास काढून दिला तुला!" ती सभेकडे वळली. "माझं नकली निघालं ना? काढा मला बाहेर. पण आधी सगळ्यांचे पाय बघा. हाच बसलाय ना डोळेवाला? बघू दे त्याला. मोरसाहेब, तुमच्यापासून सुरू करा!"

खंड्याने खाली उतरून पानात गुंडाळलेला एक गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि सावकाश सोडला. वरचा फोटो पाणकोंबडीच्या घड्याळाचा होता. तो त्याने बाजूला ठेवला. खाली आणखी बरेच होते. त्यांवर त्याने पंजा ठेवला आणि सभेकडे एकदा नजर फिरवली. आधी मोराकडे, मग एकेका बगळ्याकडे.

मोराने घड्याळाचा पाय अलगद उचलला आणि पोटाखालच्या पिसांत ओढून घेतला. त्याच्या शेजारच्याने घेतला. पाच दिवसांनी काय बिघडतंय म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बगळ्यानेही घेतला.

"ठरावाला कुणाची हरकत असेल," मोर घसा खाकरून म्हणाला, "तर त्याने पुढे यावं."

पुढे यायला दुसरा पाय खाली टेकावा लागला असता. पाणकोंबडी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. अख्खी सभा एका पायावर उभी होती.