दहा लाख तीन

"आणि हजाराच्या पुढच्यांना का नाही विचारलंस?"

सुव्रतामती माताजींनी पाटीवरून नजर न उचलता विचारलं.

आदगोंडा मास्तर याच प्रश्नाची वाट पाहत होता. पाठशाळेत तो गणित शिकवायचा, आणि त्याच्या हिशेबाला नावं ठेवायची गावात कोणाची छाती नव्हती. दीक्षा मागायला आला तेव्हा माताजींनी त्याला दोन कामं सांगितली होती. घरच्यांची संमती आण. आणि दहा लाख तीन या संख्येला कोणाचा भाग जातो का, ते पाहून ये.

दोन्ही उरकून तो आज जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, ओवरीत त्यांच्यासमोर बसला होता.

"गरजच नाही, माताजी."

"खडू संपला असेल."

मास्तर हसला. "खडू पेटीभर आहे. पण भाग जायचा तर दोघांची जोडी लागते. दोघेही हजाराच्या पुढचे असले, तर गुणाकार दहा लाख तीनच्या वर जातो. म्हणजे जोडीतला एक तरी हजाराच्या आत सापडायलाच हवा."

"सापडला?"

"एकही नाही. मूळ संख्या आहे ती. कशानंही न तुटणारी."

"म्हणजे लहानांना विचारलं की झालं. मोठ्यांना विचारायला नको."

"तेच तर."

माताजींनी पाटी बाजूला ठेवली.

"आणि घरी?"

"सगळ्यांची संमती आहे. आईची. थोरल्या दादांची. समाजाच्या पंचांचीसुद्धा." तो जरा अडखळला. "बायकोनं, मालननं, डोळ्याला पदर लावला. पण हो म्हणाली."

"आणि?"

"आणि कोण, माताजी?"

माताजींनी तळहात जमिनीपासून दोन हात उंच धरून दाखवला.

"रत्नू? धाकटी लेक माझी? सहा वर्षांची आहे ती. घरातल्या मोठ्यांनी होकार दिल्यावर तिला काय विचारायचं?"

माताजींनी पुन्हा पाटीकडे पाहिलं.

मास्तरला कळेना. हिशेबातच काही राहिलं असणार. त्यानं पाटी ओढून घेतली. साताने भागलं, चार उरले. अकराने भागलं, चार उरले. तेराने, पुन्हा चारच. सारखी बाकी उरते म्हणून काही चुकलं म्हणता येत नाही. तरीही त्यानं तिन्ही भागाकार पुसले आणि परत मांडले.

"माताजी... यात कुठंच चूक नाही."

"संख्या बरोबरच आहे."

"मग दीक्षा?"

त्यानं मान खाली घातली आणि आशीर्वादाची वाट पाहिली. मोरपिसांची पिंछी मांडीवरून उचलली गेली नाही. मान अवघडली, तशी त्यानं वर पाहिलं.

"रत्नूला विचारून ये."

"तिला काय कळतंय, माताजी? तिला विचारलं तर ती नाहीच म्हणणार."

"मग भाग गेला, मास्तर."